सपाट रस्त्यावरही शर्यत हवी : टूर द फ्रान्सच्या आयोजकांना आणि संघ व्यवस्थापकांना खुले पत्र

प्रति,
टूर द फ्रान्सचे आयोजक आणि यंदाच्या शर्यतीत उतरलेल्या २३ संघांचे व्यवस्थापक यांना,

सप्रेम नमस्कार.

आज १५ जुलै २०२५. तूलूझला तुमचा विश्रांतीचा दिवस आहे. ५ तारखेला लीलहून निघालेली शर्यत रोज एक असे दहा टप्पे करून थांबली आहे. रायडर पाय मोकळे करत असतील, मेकॅनिक सायकली धूत असतील. आज कोणाला घाई नाही, म्हणून मनात साठलेलं आजच लिहितो. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. सायकल चालवतो आणि जुलै आला की तुमची शर्यत बघतो. आमच्याकडे ती दुपारी साडेचार-पाचला सुरू होते आणि रात्री नऊच्या सुमारास संपते. म्हणजे संध्याकाळची सगळी कामं, जेवण, घरच्यांचं बोलणं, सगळं तिच्या वेळेभोवती फिरतं. तीन आठवडे आम्ही हे आनंदाने करतो. यंदा पहिल्या आठवड्यात मात्र आमची निराशा झाली, आणि ती तुमच्यापर्यंत पोचावी असं मनापासून वाटतं.

जे चांगलं झालं ते आधी सांगतो, कारण ते खरोखर चांगलं होतं. आषाढी एकादशीला, ६ जुलैला, २०९ किलोमीटरचा लांबलचक टप्पा होता. बुलोन-सुर-मेरच्या शेवटच्या चढांवर माथ्यू व्हान डर पूलने गेल्या वर्षीच्या विजेत्या पोगाचारला मागे टाकलं तेव्हा उपासाची खिचडी ताटात गार झाली होती आणि कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. दोन दिवसांनी रूआँला त्याच व्हान डर पूलला हरवून पोगाचारने कारकिर्दीतला शंभरावा विजय मिळवला. सहाव्या टप्प्यात बेन हीली चाळीसेक किलोमीटर एकटा पळाला आणि जिंकला. आणि काल ल माँ-दोरच्या चढावर त्याच हीलीने एकूण वेळेत पहिल्या असलेल्याची पिवळी जर्सी अंगावर चढवली. आयर्लंडच्या रायडरला ती १९८७ च्या स्टीफन रोशनंतर मिळाली नव्हती. हे दिवस तुमच्या शर्यतीला शोभणारे होते.

आता तिसऱ्या टप्प्याबद्दल. सोमवार, ७ जुलै. व्हालांसिएनहून डंकर्क, १७८ किलोमीटर, सपाट रस्ता. झेंडा खाली गेला आणि कोणीही पुढे निघालं नाही. एकही नाही. १८० च्या वर माणसं रस्ताभर पसरून, एकमेकांशी बोलत, बाटल्या भरून घेत चालली होती. मध्ये टिम वेलेन्स कासेलच्या चढावर एका गुणासाठी पुढे गेला, चढांवरच्या गुणांत पहिल्या असलेल्याची ठिपक्यांची जर्सी मिळवली आणि परत जथ्यात, म्हणजे मुख्य घोळक्यात, येऊन मिसळला. बाकी दुपारभर काही नाही. शनिवारी, आठव्या टप्प्यात, लावालला जाताना तेच. दिवस बराच सरल्यावर टोटलएनर्जीज संघाचे दोघे पुढे निघाले. त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही, की हे टिकणार नाही. तरी ते निघाले म्हणून त्यांचे आभार.

हे काही यंदाच घडलंय असं नाही. २०२४ मध्ये पिआचेन्झाहून तोरीनोला २३० किलोमीटरचा टप्पा होता, त्या वर्षीचा सगळ्यात लांब. तिथेही जवळजवळ पूर्ण दिवस असाच गेला. आणि त्या दिवशी शेवटी जिंकला कोण? इरिट्रियाचा बिनियाम गिर्माय, टूरचा टप्पा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी रायडर. एवढा मोठा विजय, आणि त्याच्याआधी पाच-साडेपाच तास शर्यतच नाही! त्या दिवशी कोणी मध्येच उठून गेलं असेल तर त्याला मी बोल लावू शकत नाही, पण त्याच्या हातून काय निसटलं याची हळहळ आजही वाटते.

मी हे का मनाला लावून घेतो, ते सांगतो.

आमच्या गावात सायकलदुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. मालकांना सगळं गाव काका म्हणतं. दुकानाच्या आतल्या कप्प्यावर एक मोबाइल टेकवून आम्ही चार-पाच जण शर्यत बघतो. त्या सोमवारी नववीतली एक मुलगी पंक्चर काढायला आली होती. सायकल तिला मानव विकासच्या योजनेतून मिळालेली, शाळा गावापासून चार किलोमीटर. काकांनी मागचं चाक खोललं, ट्यूब काढली, घमेल्यातल्या पाण्यात फिरवली. ती स्टुलावर बसून मोबाइलकडे बघायला लागली. मी हौसेने सांगायला सुरुवात केली : ही जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत, ही पिवळी जर्सी कोणाची, ही हिरवी कोणाची. तिने बराच वेळ नीट बघितलं. मग मला विचारलं, "काका, हे तर गप्पा मारायलेत की. शर्यत कधी सुरू होणार?" मी म्हटलं, होईल आता. काकांनी बुडबुडे आले ती जागा कानशीने घासली, सोल्युशन लावून ठिगळ दाबलं, हवा भरली. पंक्चर निघालं, शर्यत काही सुरू झाली नाही. ती दहा रुपयांची नोट देऊन निघून गेली.

दिवसाला आठ किलोमीटर सायकल चालवणारी मुलगी तुमच्या शर्यतीसमोर स्वतःहून येऊन बसली होती. माझ्याकडे तिला दाखवायला काही नव्हतं. जुन्या प्रेक्षकांना तुम्ही गृहीत धरलंत तरी आम्ही येत राहू, आम्हाला नाद लागलाय. नवा माणूस असा एकदाच येतो.

मला माहीत आहे, यावर उत्तर काय येईल. एकवीस टप्पे, तीन हजार तीनशेहून जास्त किलोमीटर, पुढे पिरेनीज आणि आल्प्स. माणसांनी कधीतरी दम खायचा की नाही? खायचा. रायडर यंत्र नाहीत आणि त्यांच्याकडून रोज जीव तोडायची अपेक्षा मी करणार नाही. उन्हापावसात दोनशे किलोमीटर सायकल हाणणं काय असतं ते आम्ही लांब पल्ल्याच्या राइड केलेले लोक थोडंफार जाणतो. म्हणून माझं गाऱ्हाणं रायडरांबद्दल नाहीच. ते तेच करतात ज्याचा त्यांना फायदा आहे. पुढे जाण्यात फायदा उरला नाही, आणि ही परिस्थिती तुम्ही मोठ्यांनी तयार केली आहे.

पूर्वी छोटा संघ सपाट टप्प्यावर माणूस पुढे पाठवायचा, कारण चार तास टीव्हीवर प्रायोजकाचं नाव दिसायचं. तेवढ्यावर त्या संघाचं वर्ष निघायचं. आता वर्ष निघतं ते यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक महासंघाच्या, गुणांवर. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांच्या गुणांवरून पहिल्या दर्जाचे १८ संघ ठरणार आहेत, आणि या हंगामाअखेर तो हिशेब बंद होतो. टप्प्यात दहावा-बारावा आला तरी गुण मिळतात. दीडशे किलोमीटर पुढे राहून शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये पकडला गेला तर शून्य. अशा वेळी कोणता व्यवस्थापक आपला माणूस पुढे पाठवेल? तो त्याला जथ्यात लपवून ठेवेल आणि शेवटच्या धडपडीत बारावा नंबर शोधेल. त्यात संघाच्या गाडीशी बोलायला कानात रेडिओ, हँडलवर पायांचा जोर दाखवणारं पॉवर मीटर. रोबेर शापात नावाच्या तुमच्याच पत्रकाराने पूर्वी आडाखा बांधला होता, की जथा मनात आणेल तर पुढे गेलेल्याचं अंतर दर दहा किलोमीटरला एक मिनिटाने भरून काढतो. पूर्वी तो अंदाज होता. आता मागच्या गाडीतून तो सेकंदासेकंदाने पाळला जातो. १९४७ मध्ये आल्बेर बुर्लोन एकटा २५३ किलोमीटर पुढे राहून जिंकला. १९९१ मध्ये तिएरी मारी आरासहून ल आव्हरपर्यंत २३४ किलोमीटर एकटा गेला आणि जिंकला. आज त्यांना कोणी निघूच दिलं नसतं. किंवा खरं सांगायचं तर, त्यांच्याच गाडीतून सांगितलं असतं की नको जाऊ.

गुण तुमच्या हातात नाहीत, ते यूसीआयकडे आहेत, हे मान्य. पण शर्यत तुमची आहे. आणि तुमच्या शर्यतीच्या संस्थापकालाच हे दुखणं ठाऊक होतं. आंरी देग्रांज सपाट टप्प्यांवर रमतगमत चालणाऱ्या रायडरांवर इतका चिडला, की १९२७ मध्ये त्याने बऱ्याच सपाट टप्प्यांवर संघांना वेगवेगळं, पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडलं. प्रयोग फसला, लोकांना कोण पुढे आहे तेच कळेना, आणि थोड्याच वर्षांत तो गुंडाळावा लागला. तरी तो माणूस हात बांधून बसला नव्हता, प्रेक्षकाला काय दिसतं याची त्याला काळजी होती.

सपाट टप्पे काढून टाका असं मी म्हणत नाही. पहिल्या दिवसापासून डोंगर लावा असंही नाही. सपाट रस्त्यावर काय होऊ शकतं ते तुम्ही पहिल्याच दिवशी लीलजवळ दाखवलंत. आडवा वारा होता, शेवटच्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये जथा फुटला आणि एव्हेनपूल आणि रोग्लिच यांच्यासारखे मोठे रायडर ३९ सेकंद गमावून बसले. त्या दिवशी दुकानात कोणी पाणी प्यायलाही उठलं नाही. आम्हाला तो वारा ओळखीचा आहे. जुलैत आमच्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो आणि गेवराईवरून पाचोडच्या दिशेने, म्हणजे उत्तरेला निघालं की तो डाव्या अंगाने असा लागतो की सायकल रस्त्याच्या कडेला ढकलली जाते. पुढच्याच्या नेमकं मागे राहून उपयोग नसतो, तिरकी रांग धरावी लागते, आणि रस्त्याची रुंदी संपली की शेवटचा माणूस उघडा पडतो. ज्याला ती रांग सुटली तो पुढच्या धाब्यापर्यंत एकटाच येतो. वारा तुमच्या हातात नाही, पण रस्त्याची दिशा आहे, मोकळं माळरान निवडणं आहे. लील ते डंकर्क या पट्ट्यात वाऱ्याला तोटा नाही म्हणतात. मग त्याच पट्ट्यात तिसरा टप्पा असा पडेल का निघाला? दर वेळी नशिबावर सोडू नका, एवढंच.

आमच्याकडे माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो. तिथे दोन पैलवान नुसते हात झटकत, एकमेकांचा अंदाज घेत बसले तर लोक आरडाओरडा करतात आणि पंच मध्ये येतात. सांगतात, कुस्ती करा नाहीतर फड सोडा. मॅटवरच्या कुस्तीतही नियम आहे, निष्क्रिय पैलवानाला तीस सेकंदांत गुण घ्यायला सांगतात, नाही घेतला तर समोरच्याला गुण जातो. तुमच्या फडात पंच कोण आहे?

रविवारी ते काम दोन रायडरांनी केलं. नववा टप्पा, शिनोनहून शातोरू, १७४ किलोमीटर, पुन्हा सपाट, पुन्हा स्प्रिंटचा, म्हणजे सगळ्या जथ्याच्या शेवटच्या वेगवान धावेचा, अंदाज. सुरुवातीलाच व्हान डर पूल आणि त्याचा सहकारी योनास रिकार्ट निघाले. बातम्यांतून कळलं की टूरच्या मंचावर उभं राहायचं रिकार्टचं स्वप्न होतं आणि त्यासाठी हा घाट घातला होता. बस, एवढंच कारण. दोघांनी मिळून जथ्याला दिवसभर पळवलं. सगळा टप्पा ताशी पन्नासच्या वर वेगाने झाला. रिकार्ट शेवटी दमून सुटला, व्हान डर पूल एकटा राहिला, आणि शेवटच्या किलोमीटरच्या आत त्याला पकडलं. जिंकला टिम मर्लिये. पण दुकानात काका हातातला पाना तसाच धरून उभे होते आणि समोरच्या चहाच्या टपरीवरची, सायकलशी घेणंदेणं नसलेली माणसंही आत येऊन विचारत होती, "गावला का? गावला का?" रिकार्टला त्या दिवशीचा लढाऊ रायडरचा मान मिळाला आणि तो मंचावर उभा राहिला. ती नववीतली मुलगी रविवारी आली नव्हती. याचं मला फार वाईट वाटतं.

एका माणसाला मंचावर उभं करायचं एवढ्या साध्या कारणाने सपाट टप्पा जिवंत होतो. मग तसं कारण रोज का देत नाही तुम्ही?

लढाऊ रायडरचं दिवसाचं बक्षीस २,००० युरो आहे. टप्पा जिंकणाऱ्याला ११,००० मिळतात. सपाट टप्प्यांपुरती ही तफावत कमी करा. इटलीच्या जिरो शर्यतीमध्ये आघाडीवर काढलेल्या किलोमीटरची वेगळी क्रमवारी ठेवतात, तशी तुम्हीही ठेवा आणि शेवटी पॅरिसला तिच्या विजेत्याला मंचावर बोलवा. जिरोने यंदा टप्प्याच्या मध्येच एका ठिकाणी पहिल्या तिघांना एकूण वेळेत ६, ४ आणि २ सेकंदांची सूट ठेवली होती. तुमच्याकडे मधल्या स्प्रिंटला, म्हणजे वाटेतल्या एका रेषेपर्यंतच्या धावेला, हिरव्या जर्सीचे, म्हणजे गुणांच्या स्पर्धेचे, २० गुण आहेत, पण पिवळ्या जर्सीसाठी लढणाऱ्याला तिथे हात घालायचं कारण नाही. पाच-सहा सेकंदांसाठीही पोगाचार आणि त्याचा प्रतिस्पर्धी व्हिंगेगार हलतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. यंदा तीन संघ तुमच्या आमंत्रणावर आले आहेत. पुढच्या वर्षी आमंत्रण देताना एकच बघा, मागच्या टूरमध्ये या संघाने किती वेळा हिंमत केली.

यात जोखीम आहे, हे मी डोळ्याआड करत नाही. त्याच तिसऱ्या टप्प्यात मधल्या स्प्रिंटला यास्पर फिलिप्सेन पडला, कॉलरबोन मोडलं, हिरवी जर्सी अंगावर असताना शर्यत सोडून गेला. पहिल्याच दिवशी पिवळी जर्सी मिळवलेला रायडर. मला तो प्रसंग परत बघवला नाही. कोणी म्हणेल, मग मधल्या रस्त्यात आणखी बक्षिसं कशाला? पण त्या दिवशी पुढे कोणीच गेलेलं नव्हतं. पाच-सहा जण पुढे असते तर मोठे गुण त्यांनीच नेले असते, मागे उरलेल्या थोड्या गुणांसाठी एवढी रेटारेटी झाली नसती. कोणीच पुढे नाही म्हणून सगळे २० गुण अख्ख्या जथ्यासमोर पडून होते आणि ताज्या पायांचे सगळे स्प्रिंटर एकाच वेळी त्यांच्यावर तुटून पडले. दिवसभर कोणी दमलेलं नसतं तेव्हा शेवट जास्त धोक्याचा होतो. आरामाचा टप्पा सुरक्षित असतो हा समज मला पटत नाही, आणि यंदाचा डंकर्कचा दिवस आठवला तर तुम्हालाही पटू नये.

आणखी एक. २०१७ पासून तुम्ही प्रत्येक टप्पा पहिल्या किलोमीटरपासून शेवटपर्यंत थेट दाखवता. आमच्यासारख्या लांबच्या माणसांना याचा केवढा आनंद झाला होता! पूर्वी शेवटचे दोन तास दिसायचे, आधी काय झालं ते समालोचक सांगायचे, आणि आम्ही कल्पनेने रंग भरायचो. आता सगळं दिसतं. तर मग त्या सगळ्या रस्त्यावर काहीतरी घडावं ही जबाबदारी तुमच्यावर आली. घडणार नसेल तर टप्पा लहान करा. सपाट टप्प्याला १८० किलोमीटर हवेतच कशाला? १४० ठेवा. जथ्याला पकडायला कमी वेळ मिळेल, पुढे जाणाऱ्याला आशा राहील, आणि रायडरांचे पायही वाचतील.

हे चालतं याचा पुरावा तुमच्याच घरात आहे. २६ जुलैला व्हानहून महिलांची टूर सुरू होईल, नऊ टप्प्यांची. सातच रायडरांचे संघ, लहान टप्पे. सात जणींच्या संघाला शर्यत मुठीत धरून ठेवणं जड जातं आणि म्हणून ती सुटते, मोकळी होते. गेल्या वर्षी आल्प द्युएझवर तिचा निकाल अवघ्या ४ सेकंदांनी लागला होता, निएविआदोमा आणि फोलरिंग यांच्यात. पुरुषांच्या संघात २०१८ मध्ये तुम्ही नऊचे आठ केलेत. सात करून बघा. संघ व्यवस्थापकांनो, तुम्ही याला विरोध कराल हे माहीत आहे; तरीही विनंती करतो. त्या मुलीला मी आता महिलांच्या टूरचंच निमंत्रण दिलंय. तिच्या शाळेतल्या आणखी दोघी-तिघी येतील असं म्हणाली.

ऑक्टोबरमध्ये तुम्ही पॅरिसला २०२६ चा मार्ग जाहीर कराल. शर्यत बार्सिलोनाहून निघणार आहे. त्या नकाशात प्रत्येक सपाट टप्प्यापाशी थांबून स्वतःला विचारा, की इथे एखाद्या रायडरने सुरुवातीलाच पुढे निघून जावं असं काय ठेवलंय आपण. उत्तर सापडलं नाही तर तो टप्पा तसाच छापायला देऊ नका. संघ व्यवस्थापकांना तर पुढच्या हंगामापर्यंतही थांबायचं कारण नाही. उद्या तूलूझहून निघून तूलूझलाच येणारा १५६ किलोमीटरचा टप्पा आहे. सकाळच्या बैठकीत तुमच्यापैकी ज्यांचा मोठा स्प्रिंटर नाही त्यांनी आपल्या एखाद्या तरुण रायडरला सांगावं, झेंडा पडला की जा.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक सायकलप्रेमी